तुझी तीन कार्डं

प्रिय पोरी,

परवा तू गेल्यावर कप उचलायला आलेल्या पोरानं टेबलावरची तीन कार्डं माझ्यापुढे सरकवली. तिन्हींवर तुझंच नाव. एकावर पावडर कोटिंग (भट्टीत भाजून पक्का करायचा पावडरचा रंग), दुसऱ्यावर चहाच्या फ्रँचायझीची वाफाळती कपबशी, तिसऱ्यावर सोलरचा पिवळाधम्मक सूर्य. मोबाइल नंबर तिन्हींवर एकच. आधी हसू आलं. मग आवरलं, कारण १९९९ साली माझ्या खिशात अशीच दोन कार्डं असायची आणि समोरचा माणूस बघून कुठलं काढायचं ते मी ठरवायचो.

तू विचारलंस, "काका, एकातच अडकून पडले आणि तेच बुडालं तर?" मी "बघू" म्हणालो आणि विषय पावसावर नेला. पळपुटेपणा होता तो. दोन रात्री झोप नीट लागली नाही म्हणून आज फौंड्रीत हीट (लोखंड वितळवून ओतायची पाळी) संपल्यावर लिहायला बसलोय. बोलताना मी चिडतो, लिहिताना जरा कमी चिडेन असं वाटतं. बघू.

तुझ्यात धमक आहे वगैरे मी लिहिणार नाही. शेडचं भाडं, ओव्हनचा हप्ता आणि बँकेतल्या साहेबाचं तोंड, हे तिन्ही तू एकटीनं निभावलंस. धमक नसलेल्या माणसाला मी पत्र लिहीत नसतो. मला बोलायचंय ते त्या दुसऱ्या आणि तिसऱ्या कार्डाबद्दल.

लोक तुझ्या तोंडावर फेकतील ती म्हण तुला पाठ असेल, एक ना धड भाराभर चिंध्या. ती मला पटत नाही. आपल्या आयाबायांनी चिंध्यांच्याच गोधड्या शिवल्या आणि त्यांतच आपण वाढलो. चार धंदे करणं वाईट नाही. मी आज चार करतो. प्रश्न एवढाच की दुसरा धंदा पहिल्याच्या पोटातून आला की बाहेरून आणून मांडीवर बसवला. पोटचा की दत्तक? एवढं एकच मला आयुष्यात कळलंय, आणि तेही उशिरा.

(दत्तक शब्दावर अडू नकोस. माणसांचं निराळं. माझे आजोबाच दत्तक गेलेले, आणि त्या घरची जमीन राखली ती त्यांनीच. मी धंद्याबद्दल बोलतोय.)

आमचं गाव पलूस तालुक्यातलं. आजोबांच्या गोठ्यात आढ्याला टेकून एक लोखंडी नांगर उभा असायचा, किर्लोस्करांचा. सुट्टीत आम्ही त्याच्या मुठीला लोंबकळायचो. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे माझं पहिलं वेड. मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. हक्काची बढती डावलली गेली तेव्हा नोकरीवर पाणी सोडून बेळगावला आले. भावाबरोबर सायकलींचं दुकान. सायकल म्हणजे तेव्हा श्रीमंतांचं खूळ. पण दुकानाच्या मागच्या बाजूला हत्यारं होती, दुरुस्ती होती, आणि आजूबाजूला सगळा शेतकरी. म्हणून कडबा कापायचं यंत्र. कडबा कापणाऱ्याच्याच घरी नांगर लागतो, म्हणून लोखंडी नांगर. तो घेईना कुणी! लोखंडानं जमीन नासते अशी लोकांची समजूत. पहिले नांगर खपायलाच वर्षं गेली. पण ज्याच्या दाराशी ते नांगर घेऊन उभे होते तो शेतकरी त्यांना नवा नव्हता. त्याच दाराशी ते कडबाकुट्टी घेऊन आधीच जाऊन आले होते. मी म्हणतो ते हेच.

पुढे बेळगावची जागा सोडायची पाळी आली, औंधच्या राजेसाहेबांनी कुंडल रोड स्टेशनजवळ माळ दिला. नुसता निवडुंग आणि साप. १० मार्च १९१० ला तिथे किर्लोस्करवाडी उभी राहायला लागली. मग उसाचे चरक, शेंगा फोडायची यंत्रं, हातपंप, पंप, पंपाला लागतं म्हणून इंजिन, इंजिनाच्या शेजारी मोटर. लांबून बघणाऱ्याला वाटावं, या माणसाच्या डोक्यात रोज नवं काहीतरी येतं. जवळून बघ, एकच विहीर आहे आणि तीच खोल खोल चाललीय. आता गंमत बघ. कारखान्याची खबरबात गिऱ्हाइकापर्यंत पोचावी म्हणून १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघालं. त्याचं झालं घरोघरी वाचलं जाणारं मासिक. मागोमाग १९३० मध्ये 'स्त्री', १९३४ मध्ये 'मनोहर'. नांगराच्या पोटातून मासिक! तुझ्या आजीनं 'स्त्री' वाचलं असेल. माळावरच्या फौंड्रीपासून ते तिच्या हातापर्यंत कुठेही गाठ तुटलेली नाही. हे मी कुणालाही ऐकवतो आणि दर वेळी मलाच नवं वाटतं.

आता तू म्हणशील, वालचंदांचं काय? म्हणशीलच. परवा तू चहा पिताना त्यांचंच नाव घेतलंस, "विमान, मोटार, जहाज, साखर, सगळं केलंच ना त्यांनी?" तेव्हा मी गप्प बसलो, कारण तिथे माझी जरा पंचाईत आहे.

आधी माझ्या बाजूचं सांगतो. वालचंद हिराचंद दोशी, १८८२ चा सोलापूरचा जन्म. घर अगदीच रिकामं नव्हतं, पेढी होती, अडत होती. पण पेढीवर बसून व्याज मोजण्यात त्यांचं मन रमलं नाही. रेल्वेतले कारकून लक्ष्मणराव फाटक यांच्याशी भागी करून बार्शी लाइट रेल्वेचं कंत्राट घेतलं. तिथून बांधकाम, भोर घाटातले बोगदे, पाण्याच्या मोठाल्या वाहिन्या. वाहिन्या टाकणाऱ्याला पाइप लागतात, म्हणून १९२६ मध्ये इंडियन ह्यूम पाइप. पोटचा. १९२३ मध्ये मालेगावजवळ रावळगावला पडीक जमीन घेतली. तिच्यात ऊस उभा केला, दहा वर्षांनी तिथेच साखर कारखाना, आणि १९४२ मध्ये त्याच साखरेच्या गोळ्या. तू लहानपणी चघळलीस ना ती रावळगाव? पोटची. इंदापूरकडे वालचंदनगर. तिथेही आधी ऊस, मग साखर. कारखान्याची यंत्रं मोडायची तेव्हा दुरुस्तीला वर्कशॉप, वर्कशॉपमधून दुसऱ्यांच्या साखर कारखान्यांची यंत्रं, आणि आज त्याच वालचंदनगरमधून इस्रोच्या अग्निबाणांच्या मोटारींच्या आवरणांचे भाग जातात. उसापासून अग्निबाण, पण मधली एकही पायरी गाळलेली नाही. ती आवरणं बनवणाऱ्या वेल्डरच्या आज्यानं कदाचित उसाचा रोलर दुरुस्त केला असेल. मला ठाऊक नाही, पण असावं असं वाटतं.

आता पंचाईत. १९१९. रेल्वेचा कंत्राटदार, आगगाडीच्या प्रवासात त्याला कळतं की ग्वाल्हेरच्या महाराजांचं 'लॉयल्टी' नावाचं जहाज विकायला आहे. युद्धात इस्पितळ म्हणून वापरलेली आगबोट. हा माणूस ती घेतो. सोबतीला नरोत्तम मोरारजींसारखी माणसं उभी करतो, सिंदिया कंपनी काढतो आणि ५ एप्रिल १९१९ ला बोट मुंबईहून विलायतेला निघते. ५ एप्रिलला देशभर सागरी दिन पाळतात तो त्याचाच. आता बोगदे खणणाऱ्याच्या पोटातून बोट कशी निघाली? नाही निघाली. उघडउघड दत्तक.

माझी बायको म्हणते, नियम मोडला की तुम्ही माणूसच बदलून सांगता. म्हणून बदलत नाही. ती बोट माझ्या नियमात बसत नाही. फक्त एवढं बघ, की तिची किंमत काय पडली. इंग्रज कंपन्यांनी भाडी पाडून पाडून जेरीस आणलं, आणि १९२३ मध्ये त्यांच्याशी करार करून दहा वर्षं सिंदियाला स्वतःला किनाऱ्याच्या वाहतुकीला बांधून घ्यावं लागलं. विलायतेला निघालेली कंपनी किनाऱ्यालगत राहिली. ज्याच्यामागे बांधकामाचा वाहता पैसा नसता, त्याचं त्यातच दिवाळं वाजलं असतं. तुझ्यामागे काय वाहतंय?

विमानाचंही तसंच. १९३९ मध्ये परदेशच्या विमानप्रवासात एक अमेरिकन विमानवाला भेटला, डोक्यात ठिणगी पडली, १९४० च्या डिसेंबरात म्हैसूर सरकारला घेऊन बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट उभी. १९४२ मध्ये सरकारनं यांचा हिस्सा विकत घेतला आणि हे बाहेर. विशाखापट्टणमची जहाजगोदी १९४१ ला सुरू केली. १९४८ मध्ये तिथून 'जल-उषा' पाण्यात सोडली नेहरूंनी, आणि १९५२ मध्ये गोदीही सरकारकडे. ठाऊक आहे मला, युद्ध होतं, सरकारला विमानं हवी होती, पोटचा असता तरी नेलाच असता. आणि ही पोरं परक्या घरी गेली तरी नाव काढून राहिली, तेही खरं. देशाचं भलं झालं. तुला देशाचं भलं करायचं असेल तर हे पत्र इथेच फाडून टाक आणि मोठ्या गोष्टींना लाग, मी आडवा येणार नाही. तुला मार्चअखेरचा हप्ता भरायचा असेल तर पुढे वाच.

माझं सांगतो. तुला अर्धवट ठाऊक आहे, तेही माझ्या सोयीचं अर्धं.

१९७९ मध्ये कोल्हापुरातून जुनं लेथ आणलं. पंपाची केसिंगं (बाहेरची कवचं) जॉबवर्कवर घ्यायचो. कास्टिंग दुसऱ्याचं, मशीनिंग माझं. टूल छान चाललेलं असायचं आणि मध्येच खट्कन उडायचं. आत ब्लो होल. वरून गुळगुळीत, आतून पोकळ. रिजेक्शन मात्र माझ्या नावावर, कारण शेवटचा हात माझा. सात वर्षं दुसऱ्याच्या पोकळीचे पैसे भरले आणि १९८६ मध्ये चिडून स्वतःची फौंड्री टाकली. चिडून! योजना-बिजना काही नाही. पॅटर्न (साच्यासाठीचा लाकडी नमुना) करणारा मिस्त्री महिना महिना हेलपाटे घालायला लावायचा, म्हणून सुतार ठेवला आणि आमची पॅटर्न शॉप झाली. संध्याकाळी हीट संपताना लॅडलमध्ये (ओतायच्या पात्रात) थोडं मेटल उरतंच. ते पिग (लोखंडाची लादी) करून पुन्हा भट्टीत टाकणं जिवावर यायचं. म्हणून उरलेल्या मेटलची चेंबरची झाकणं ओतायला लागलो. पुढे गावोगावी व्यायामशाळांच्या जिम झाल्या, तेव्हा जिमच्या प्लेटा. अडीच किलो, पाच किलो, दहा किलो. त्या प्लेटांना रंग टिकेना म्हणून मी पावडर कोटिंगवाला शोधत कुपवाडला आलो, आणि तुझ्या शेडमध्ये तू उभी होतीस, डोक्याला ओढणी घट्ट बांधून, नाकावर पावडर. म्हणजे आपली ओळखसुद्धा पोटातूनच आली बघ.

आणि याच माणसानं १९९९ मध्ये हॉटेल काढलं.

पुणे-बंगळूर हायवेला, पेठ नाक्याच्या अलीकडे. एका नातेवाइकाची जागा, कल्पना त्याची, पैसा माझा. फौंड्री बँकेत तारण. तांबडा-पांढरा रस्सा, बाहेर बाजा, वर निऑनचा बोर्ड. खरं सांगू का, मला त्या धंद्यातलं काही आवडत नव्हतं, गल्ल्यावर बसणं सोडून. वीस वर्षं हाताला काळं लागलेला माणूस पांढरा शर्ट घालून गल्ल्यावर बसतो, आमदार-खासदार जाता जाता "काय पाहुणं" म्हणतात, हे व्यसन दारूपेक्षा वाईट. तू त्या चहाच्या दुकानाचं चित्र मोबाइलवर दाखवलंस ना, काचेचं दार आणि त्यामागे तू? तुझ्या चेहऱ्यावर तेच होतं. म्हणून मला धडकी भरली.

फौंड्री धाकट्या भावाकडे होती. एका सकाळी हॉटेलवर त्याचा फोन आला, "दादा, कोक ओला आलाय, काय करू?" गल्ल्यावर गर्दी होती. मी म्हटलं, "बघ तू तुझ्या हिशेबानं." ओल्या कोकवर, म्हणजे भट्टीतल्या कोळशावर, मेटल नीट तापत नाही. थंड मेटल साच्यात पळत नाही, कोपरे अर्धे राहतात, वायू आतच अडकतो. त्या आठवड्यात ३४० केसिंगं गेली. पुण्याच्या ज्या गिऱ्हाइकानं अकरा वर्षं आमच्याकडून माल घेतला होता, त्याच्या माणसानं एक केसिंग करवतीनं उभं कापून माझ्या टेबलावर ठेवलं आणि न बोलता गेला. आत बघितलं. मी १९७९ ते ८६ ज्यावर शिव्या घातल्या, तीच पोकळी. या वेळी माझी.

२००३ मध्ये हायवे चौपदरी होताना डिव्हायडर पडला. कोल्हापूरकडून येणारी गाडी आमच्याकडे वळायचीच बंद झाली, पुढे तीन किलोमीटरवर जाऊन यू-टर्न घ्यावा लागायचा. रश्शासाठी कोण घेतो यू-टर्न? २००६ मध्ये विकलं. बायकोच्या पाटल्या त्याआधीच गेल्या होत्या. तिनं कधी तोंडातून शब्द काढला नाही, आणि तिचं ते न बोलणं मला आजही ऐकू येतं. बोर्ड फौंड्रीत आणून टाकलाय. मागचा पत्रा सपाट आहे, पोरं त्यावर कोअर (साच्यात बसवायचे वाळूचे गड्डे) वाळवतात.

एक मात्र सांगतो. पहिली तीन वर्षं हॉटेल फायद्यात होतं. वह्या आहेत माझ्याकडे. डिव्हायडर पाचशे मीटर इकडे-तिकडे झाला असता तर आज मी काय काय असतो! आणि भाऊ चारचौघांत सांगतो की दादानं मला एकट्याला टाकलं. टाकलं नव्हतं. मोकळा हात दिला होता. मोकळा हात देणं निराळं आणि टाकणं निराळं. त्यानं ओला कोक परत का नाही पाठवला? भट्टी थांबवायचा अधिकार होता त्याला. एवढं तर

बघ, कशी बाजू मांडत सुटलो. पंचवीस वर्षं झाली. डिव्हायडरवर खापर फोडतो, पण केसिंगं गेली ती डिव्हायडर पडायच्या आधी. ते हॉटेल दत्तक होतं. ते रडायला लागलं तर ते का रडतंय हे मला कळत नव्हतं. भाताला किती तांदूळ लागतो, आचारी खोटं बोलतोय की खरं, काही समजायचं नाही. फौंड्रीत भट्टीच्या आवाजावरून मी झोपेत सांगतो काय बिघडलंय. पोटच्या पोराचं रडणं आईला ओळखू येतं तसं. आणि जे पोटचं होतं, ते रडत असताना मी दुसरीकडे पांढरा शर्ट घालून बसलो होतो. भावाशी बोलणं अजून जेवढ्यास तेवढं आहे. तो भाग लिहायचा नव्हता, पण लिहिला गेला.

आता तुझं. तू जी भीती सांगितलीस ती खोटी नाही. तुझं सत्तर टक्के काम एका पॅनेलवाल्याचं आहे आणि तो तीन-तीन महिने पैसे अडकवतो. रात्री छातीत धडधडतं ते त्यानं. पण पोरी, त्यावर औषध काय शोधलंस तू? गिऱ्हाईक एकच आहे म्हणून धंदे तीन! दाढ दुखते आणि तू चष्मा बदलतेस. एका गिऱ्हाइकावरची भिस्त कमी करायची तर गिऱ्हाइकं वाढव. तुझ्याच ओव्हनमधून दुसऱ्याचा माल काढ. रॅकवाले आहेत, ग्रिलवाले आहेत, शेतीच्या अवजारांचे आहेत, इस्लामपूरपासून जयसिंगपूरपर्यंत किती शेड तू अजून बघितलेल्याच नाहीस? चहाच्या दुकानाच्या डिपॉझिटचा आकडा तू सांगितलास, त्या पैशात एक टेम्पो आणि सहा महिने एक चांगला फिरता माणूस येतो. आणि बिलावर तुझा उद्यम नंबर (लहान उद्योगाच्या सरकारी नोंदणीचा) ठळक छाप. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असा कायदा २००६ पासून आहे. आता तर वेळेत दिले नाहीत तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आयकरात तो खर्चही धरता येत नाही. तुझ्या पॅनेलवाल्याला हे त्याच्या सीएनं नक्की सांगितलंय. फक्त तू लहान उद्योग आहेस हे त्याच्या फायलीत कागदावर असलं पाहिजे. भांडू नकोस, नंबर छाप.

सोलरचं तू म्हणालीस, "स्ट्रक्चर लागतं ना काका, म्हणजे माझ्याच लाइनचं." नाही. घरावरच्या सोलरचं स्ट्रक्चर सहसा गॅल्व्हनाइझ्ड (जस्ताचा थर दिलेलं) असतं, तुझ्या ओव्हनपाशी ते येणारसुद्धा नाही. तू फक्त एजंट होणार, अर्ज भरणार, सबसिडीच्या मागे फिरणार. वाईट काम नाही, पण तुझ्या हाताला जे कळतं त्यातलं तिथे काही लागत नाही. पोटचा आहे असं भासवून दत्तक घेणं, हे तर सगळ्यात घातक. हॉटेलच्या वेळी मीही म्हणायचो, "भट्टी ती भट्टीच." लाज वाटते आता.

तुझ्या पोटात काय आहे हे तुला दिसत नाही, कारण तू त्यावरच उभी आहेस. मागच्या महिन्यात प्लेटा घ्यायला आलो होतो तेव्हा तुझ्या शेडमागे लघवीला गेलो (माफ कर, वय झालं), तर तिथे पत्र्याला टेकून माल टांगायच्या हुकांचा आणि जिगांचा (टांगायच्या चौकटींचा) ढीग. कमरेएवढा. प्रत्येकावर पावडरचे थरावर थर. तुझ्या पोराला विचारलं तर म्हणाला, "खराब झालेत, मॅडम नवे मागवतात." दर किती दिवसांनी? "दोन महिन्यांनी." त्यातला एक हुक मी खिशात घालून आणला. तुला विचारलं नाही. चोरी म्हण.

तो परवा हॅकसॉनं आडवा कापला आणि भिंगाखाली धरला. बाभळीच्या खोडाला असतात तशी वलयं. राखाडी, निळं, पुन्हा राखाडी, मग माझ्या प्लेटांचा काळा. सव्वीसपर्यंत मोजले, पुढे डोळे दमले. मध्ये एवढंसं लोखंड. आता मला सांग, तुझा माल हुकाला टांगलेला, हुक कन्व्हेयरला, आणि अर्थिंग त्या हुकातून जाणार. मध्ये पावडरचा एवढा जाड रेनकोट चढलेला असेल तर माल अर्थ होणार कसा? गनमधून सुटलेली पावडर मालाला धरणार कशी? तू परवा म्हणालीस ना, कोपऱ्यांत पावडर बसत नाही, पोरं दोनदा मारतात, पावडरचा खप वाढलाय. पावडरवाल्याला बदलायला निघाली होतीस तू. त्याआधी हुक बघ.

आणि हे दुखणं तुझ्या एकटीचं नाही. कुपवाड, मिरज, पलूस, शिरोली, जिथे जिथे कोटिंग चालतं तिथे शेडमागे असाच ढीग आहे. सगळे नवे हुक घेतात नाहीतर पोरांना हातोडीनं ठोकायला बसवतात. हुक साफ करून देणारा, हव्या त्या आकाराचे जिग वाकवून देणारा माणूस या पट्ट्यात मला तरी भेटला नाही. तुला भेटला असेल तर सांग, मी गप्प बसतो. त्या कामातलं सगळं तुला येतं. गिऱ्हाईक कुठे उभं असतं, कधी वैतागतं, किती पैसे द्यायला कुरकुरतं, सगळं. कारण ते गिऱ्हाईक तूच आहेस.

लगेच नाचू नकोस. मी एक हुक आमच्या अॅनिलिंगच्या (लोखंड मऊ करायच्या) भट्टीत टाकून बघितला. पावडर जळाली, हुक लख्ख निघाला, पण धूर असा झाला की शेजारचा शेडवाला धावत आला. उघड्यावर जाळायचं हे काम नाही. धुराची नीट सोय, प्रदूषण मंडळाची परवानगी, हे आधी. नाहीतर केमिकलमध्ये बुडवून काढतात तसं, पण मग त्या पाण्याचं काय करायचं हा प्रश्न. फॉस्फेटिंगच्या (रंगाआधी लोखंडावर प्रक्रिया करायच्या) टाक्यांचं पाणी तू कसं हाताळतेस ते मला माहीत आहे, त्यामुळे तिथे तू माझ्यापेक्षा पुढे असशील. आणि जास्त वेळ तापला तर हुकाचा ताठपणा जातो, तोही बघायला हवा. आमचा दुसरा हुक हातानं वाकला.

शनिवारी आमची हीट नसते. अकराच्या सुमारास ये. येताना वेगवेगळ्या वयाचे वीसेक हुक आण, महिन्याभराचे, दोन महिन्यांचे, आणि तळातले सगळ्यात जाड. एक कोराही आण, वजन ताडून बघायला. तराजू माझ्याकडे आहे. पेढे आणू नकोस, डॉक्टरांनी बंद केलेत आणि बायको समोरच बसलेली असते.

तुझा
काका

ता. क. चहाच्या दुकानाच्या अॅग्रीमेंटवर सही केली नाहीस ना? केली असशील तर शनिवारपर्यंत थांबू नकोस, आज रात्रीच फोन कर. कितीही वाजता.